आधी ठरवा, मग झाकण

इंदिरानगरात आमच्या कोपऱ्यावर सटाण्याकडचे एक गृहस्थ ताक, मठ्ठा आणि लस्सी विकतात. नाव मी कधी विचारलं नाही. सगळे त्यांना मामा म्हणतात. फ्रिज नाही. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली मोठी पेटी आणि तिच्या तळाला बर्फाची लादी, एवढंच दुकान. मामा त्या पेटीवरच बसतात, आणि तुमचं ठरेपर्यंत उठत नाहीत.

"आधी ठरवा. झाकण उघडलं का गारवा पळतो."

एकदा मी मठ्ठा सांगून ऐनवेळी लस्सी म्हटलं. त्यांनी मला मठ्ठाच पाजला.

यंदा मे महिन्यात एका सकाळी आमची लाइट गेली ती दुपारपर्यंत आलीच नाही. आईच्या इन्शुलिनच्या बाटल्या घेऊन मी मामांकडे धावलो. त्यांनी खांद्यावरच्या कोरड्या टॉवेलात त्या गुंडाळल्या, बर्फाला लागणार नाहीत अशा वरच्या टोपलीत ठेवल्या आणि झाकणावर बसले ते बसलेच. गिऱ्हाईक आलं की हात जोडायचे.

"आज नाय उघडायचं. आत माउलीचं औषध हाय."

लोक उन्हातून तसेच परत जात होते. मामा स्वतः बाटलीतलं कोमट पाणी पीत होते. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

संध्याकाळी लाइट आली. मी बाटल्या न्यायला गेलो, तर मामा जागचे हलेनात.

"नुसतं औषध, का ताक बी? झाकण एकदाच उघडीन."