चाचींची फरशी

“ओली फरशी खोटं बोलती, बेटी. सुकू दे, मग बगू.”

फरशी पुसून झाली की चाची असं म्हणायच्या आणि भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसायच्या. तुम्हीही पाहिलं असेल, ओला दगड कसाही असला तरी देखणा दिसतो. डाग, ओरखडे सगळं पाण्याखाली झाकून जातं. खरी फरशी कळते ती सुकल्यावर. तोवर चाची गुडघे चोळत बसत.

ही गोष्ट मुरुम गावची, निजामाच्या राज्यातली. माझे यजमान कापसाच्या आडतीवर कामाला होते. आमच्या भाड्याच्या घरात पुढच्या दोन खोल्यांना शहाबादी फरशी होती. मी बेंबळीची, शेणानं सारवलेल्या जमिनीवर वाढलेली. दगडाची जमीन कशी राखायची हे मला कुठून ठाऊक असणार? नव्या संसाराच्या पहिल्याच महिन्यात फरशीवर हळदीचा डाग पडला. पितळेच्या भांड्यांना लावतात तशी चिंच घेऊन मी तो खसाखसा घासला. डाग फिकटला, पण सुकल्यावर तिथं परातीएवढा पांढुरका, खरबरीत चट्टा उमटला. घरमालकीणबाई बघतील या भीतीनं मी त्यावर घोंगडं अंथरून ठेवलं.

त्या गल्लीतल्या चार-पाच घरांच्या फरश्या चाचीच पुसायच्या. आमच्याकडं पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी आधी ते घोंगडंच उचललं.

“चिंच लावली व्हय?”

मी मान हलवली.

“ह्या फत्तराला आंबट चालत न्हाय. खातं त्याला. लिंबू नक्को, चिंच नक्को. ताक सांडलं तर तवाच्या तवा पुसायचं.”

रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी फरशीचाच एक गुळगुळीत तुकडा आणि चाळलेली बारीक वाळू घेऊन आल्या. चट्ट्यावर पाणी शिंपडून त्या तुकड्यानं गोल गोल घासू लागल्या. दोन-तीन दिवसांनी वाळू जाऊन राख आली. आठ दिवस हे चाललं. शेवटी फडक्यावर करडीच्या तेलाचे दोन थेंब. चट्टा पुरता गेला नाही, पण शोधावा लागे. मालकीणबाईंना तो कधीच सापडला नाही.

या फरश्या त्यांच्या नवऱ्यानंच बसवलेल्या. शहाबादहून दगड यायचा, ते बसवायचे, आणि चाची मागून घासत यायच्या. दगडाची धूळ छातीत जाऊन ते गेले. चाची मुरुमलाच लेकी-जावयाकडं राहिल्या आणि घासत राहिल्या.

“कंटाळा येत नाही का हो, चाची?” मी एकदा विचारलं.

“येतो ना. लई येतो. पण सांध्यात माती ऱ्हायली की वाटतं, ते आता बोलतील.”

गुडघ्यांना त्यांच्या घट्टे पडले होते. खाली बसताना “या अल्ला” म्हणायच्या. उठताना काहीच नाही, नुसता एक लांब श्वास. सहा वर्षं हा श्वास मी ऐकला आणि माझ्या कामाला लागले.

पुढं रझाकारांचे दिवस आले. ओळखीची घरं एकेक करून सोलापूरकडं निघाली. आमचंही ठरलं. मी म्हणाले, चावी चाचींकडं देऊ या.

“या दिवसांत? त्यांच्या मोहल्ल्यात?” यजमान म्हणाले. मी भांडी बांधायला घेतली. चावी शेजारच्या गूळवाल्याकडं गेली.

निघायच्या सकाळी चाची आल्या. पोटऱ्यांपर्यंत चिखल होता.

“चावी दे, बेटी. मी आठवड्याला पुसून घेत जाईन. बंद घरात फत्तराला ओल चढती.”

“शेजारी दिलीय,” मी खाली बघत म्हणाले.

त्यांना सगळं कळलं होतं.

“बरं केलं,” म्हणाल्या, आणि हातातलं कोरडं फडकं पिळत गेल्या.

निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आम्ही परतलो. शेजाऱ्यानं आमच्या खोल्यांत गुळाच्या ढेपी रचल्या होत्या. गूळ पाघळून फरशीवर पसरला होता, वर माती बसून काळी, चिकट पुटं चढली होती. पण मला आधी चाचींना भेटायचं होतं.

त्यांच्या गल्लीतली निम्मी घरं बंद होती. राज्य बदललं त्या गडबडीत त्यांचा जावई बाजाराला म्हणून गेला होता, तो आलाच नाही. कुणी मारलं, कुठं मारलं, कुणाला सांगता येत नव्हतं. लेक भिंतीकडं तोंड करून बसलेली. चाची अंगणात मातीत बसल्या होत्या. माझ्याकडं बघून नुसती मान हलवली.

“चाची, उद्या घरी चहाला या,” मी म्हणाले.

आल्या. मी पाट मांडला. सहा वर्षांत मी त्यांना कधी पाट दिला नव्हता, हे तो मांडताना माझ्या ध्यानात आलं. त्यांची नजर फरशीवर गेलीच नाही. समोरच्या भिंतीकडं बघत त्या चहा प्यायल्या.

“चाची, चावी तुम्हालाच द्यायला हवी होती.”

“व्हय,” त्या म्हणाल्या.

बस्स, एवढंच. “असू दे” म्हणाल्या नाहीत. मी त्या “असू दे”ची वाट बघत कितीतरी वेळ बसून राहिले.

“थकले, बेटी,” कपबशी खाली ठेवत त्या म्हणाल्या. “आता बसलं की उठवत न्हाय.”

मी हात पुढं केला. त्यांनी तो धरला, उठल्या, आणि उंबरा ओलांडून गेल्या.

मग मी पदर खोचला. ऊन पाणी ओतून गूळ भिजवला, लाकडाच्या चिपेनं पुटं काढली, राखेनं सांधे घासले. दहा-बारा दिवस लागले. रोज उठताना कंबर धरून उभी राहायचे. काम झाल्यावर वाटलं, चाचींना बोलवावं. फरशी दाखवावी, आणि त्यांचं गुडघ्यांचं दुखणं एकदा तरी नीट विचारावं.

गेले तर दारात दुसरीच बाई शेंगा फोडत बसली होती.

“त्या व्हय? लेकीला घेऊन शहाबादकडं गेल्या. आता न्हाय यायच्या,” ती म्हणाली. मग माझ्याकडं नीट बघून तिनं विचारलं, “तुमच्या कोण लागत व्हत्या?”



“आमच्याकडं फरशी पुसायला यायच्या,” मी म्हणाले.