कुशाबाने थांबवलेला बाप्तिस्मा

कुशाबा साळवे हा पौड-मुळशी रस्त्यावरचा मैलकुली. माले गावालगतचा तीन मैल रस्ता त्याच्या ताब्यात होता. खड्डे बुजवायचे, गटारं मोकळी करायची, मैलाच्या दगडांना चुना लावायचा आणि ओव्हरसियर आला की शिव्या खायच्या. १९५८ साली मी मालेच्या शाळेत मास्तर म्हणून गेलो, तेव्हा गावात ख्रिस्ती घर त्याचं एकट्याचंच होतं.

मी पुण्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालो होतो आणि त्याचा माज अंगात पुरेपूर होता. अस्तित्ववादावरची दोन-चार इंग्रजी पुस्तकं ट्रंकेत घालून आलेला माणूस तिथे बोलणार कोणाशी? कुशाबा मात्र ऐकायचा. कामावरून सुटला की घमेलं-फावडं ठेवून शाळेच्या ओट्यावर यायचा आणि बायबलातलं काहीतरी काढून माझ्याशी वाद घालायचा. मी म्हणायचो, "वर कोणी नाही. माणूस एकटा आहे, आणि आपण काय व्हायचं ते त्याने स्वतःच ठरवायचं."

तो म्हणायचा, "एकटा हाय, ते खरं. पर वर कुणी न्हाई, हे तुमाला कुणी सांगितलं?" याचं उत्तर माझ्या पुस्तकांत नव्हतं, म्हणून मी आवाज चढवायचो.

ठरवण्याची गोष्ट मात्र त्याच्या मनाला लागली. एका उपासमारीच्या वर्षी त्याचा बाप मिशनच्या आश्रयाला गेला होता. तेव्हा कुशाबा आईच्या कडेवर होता, आणि कडेवरच त्याचा बाप्तिस्मा झाला. 'भाकरीसाठी बाटलेला' हे त्याने जन्मभर ऐकलं. नुकतीच त्याची सगळी भावकी आपल्या पायांनी जाऊन बौद्ध दीक्षा घेऊन आली होती. "त्यांनी ठरवून घेतली, मास्तर. मला कुणी इचारलं व्हतं?" असं म्हणून त्याने आपल्या तान्ह्या मुलीचा बाप्तिस्मा थांबवला. मोठी होऊन ती स्वतः मागेल, तेव्हाच करायचा. मला केवढा आनंद झाला! एका माणसाला तरी मी विचार करायला लावलं, असं मी मित्रांना मोठ्या ऐटीत पत्रांतून कळवलं.

त्याची बायको सारजाबाई माझ्याशी बोलेनाशी झाली. महिन्यातून एकदा पुण्याहून येणारे पाळकसाहेब समजावून समजावून थकले. नाव बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवायचं, म्हणून पोरीला धड नावही नव्हतं. सगळे तिला ठकी म्हणत.

सहाव्या वर्षी ठकीने स्वतःच बाप्तिस्मा मागितला. आईबरोबर पौडला प्रार्थनेला जाऊन आली आणि बापाला म्हणाली, "मला पन पानी घालायला सांग की." कुशाबा धावतच माझ्याकडे आला.

"मागितलं तिनं, मास्तर! सा वर्साच्या लेकराला ठरवता येतंय का?"

मी हसलो. "अरे, तिला काय कळतंय? चार वर्षं थांब." तो थांबला.

त्याच हिवाळ्यात ठकीला घटसर्प झाला. पौडच्या डॉक्टरांनी तपासलं आणि आता फार उशीर झालाय, घरी न्या, म्हणाले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या झोपडीत गेलो, तर तिच्या श्वासाची घरघर रस्त्यापर्यंत ऐकू येत होती. सारजाबाईने पाण्याने भरलेला तांब्या नवऱ्याच्या हातात दिला.

"पाळक म्हनलं व्हतं, अडचनीला बापानं घातलं तरी चालतंय. घाला. अवं, घाला की!"

कुशाबा पोरीवर वाकला. "ठके, घालू का?" तिचा घसा बंद झाला होता. ती नुसती बापाकडे बघत राहिली. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुमी सांगा. घालू?"

एका शब्दाचं काम होतं. 'घाल' म्हटलं असतं तर माझं काय जाणार होतं? पण मी म्हणालो, "कुशाबा, तुझं तूच ठरव." आणि हे सांगायला आजही लाज वाटते, पण आपण फार प्रामाणिकपणे वागलो असं मला त्या क्षणी वाटलं. तो तांब्या धरून तसाच बसून राहिला. घरघर थांबली. मग सारजाबाईने हंबरडा फोडला.

पाळकसाहेब आले, रडले, पण बाप्तिस्मा झालेला नाही म्हणून दफनाचा विधी वाचता येणार नाही म्हणाले. कुशाबाने झोपडीमागे स्वतःच खड्डा खणला. महिनाभराने सारजाबाई माहेरी गेली, ती पुन्हा आली नाही.

त्यानंतर कुशाबा दर रविवारी पौडला प्रार्थनेसाठी चालत जाऊ लागला. एकदा तो रस्त्यावर कामाला असताना मी चिडून विचारलं, "अजून कशाला जातोस? काय दिलं तुझ्या देवाने तुला?"

"काय बी न्हाई दिलं. आदी मला नेलं व्हतं. आता मी जातुया."

माझ्या पुस्तकांनी जे शिकवलं होतं, ते हा माणूस करत होता, आणि मी पोरीच्या मरणावर आयुष्यभर नुसता बोलणार होतो. मी रस्त्यातच त्याचा हात धरला. "कुशाबा, माझ्यामुळे झालं हे. मला माफ कर."

"तुमाला दोस न्हाई देत, मास्तर. तांब्या माझ्या हातात व्हता." त्याने हात सोडवून घेतला. "पर माफी द्याला मी कोन? ती ठकीकडं, न्हाईतर प्रभूकडं. तितं मागा."

एवढं बोलून तो खडी पसरायला लागला. ठकी गेली होती, आणि देव मी मानत नव्हतो. माफी मागायला मला कोणीच उरलं नव्हतं.