ओर्तेन्सियाचा चोर

आमच्या चर्चमधल्या क्रुसारोहणाच्या चित्रात सगळी माणसं ताणलेली आहेत. माना हंसासारख्या, बोटं मेणबत्त्यांसारखी, कपडे डाळिंबी नाहीतर कच्च्या लिंबाच्या रंगाचे. फ्लॉरेन्सहून येणारे लोक ते बघून उसासे टाकतात. गावाला त्याचं काही नाही. गावाला एवढंच ठाऊक, की चित्रकारानं आमचेच पूर्वज समोर उभे करून ते काढलं. म्हणून एकेकाळची बदनाम बाई मग्दालिया खाटकांची, येशूचा शिष्य योहान सुतारांचा. गुड फ्रायडेला प्रत्येक घराणं आपापल्या माणसाखाली उभं राहतं.

ओर्तेन्सिया शिवणकामवालीच्या घराण्याला येशूच्या दोन बाजूंना क्रुसावर टांगलेल्या चोरांपैकी डावीकडचा आला, शेवटपर्यंत न पस्तावलेला. भाऊबंद लाजेनं पांगले. ही मात्र दरवर्षी काळी शाल घेऊन त्याच्याखाली एकटी उभी. शेजारून फोस्को खाटीक हटकून म्हणायचा, "पाकिटं सांभाळा रे, चोराची पोर आली!"

"तुझी मग्दालिया काय करायची ते सांगू का मोठ्यानं?" हीही काही कमी नव्हती.

यंदा ती जिन्यावरून पडली, खुबा मोडला. मी भेटायला गेले तर डोळ्यांत पाणी.

"शुक्रवारी त्याच्याखाली कोण गं उभं राहील?"

"चित्र आहे ते, बाई. राहिली जागा मोकळी तर काय बिघडलं?"

"येशूजवळ त्याची आई आहे. त्या दुसऱ्या चोराला स्वर्ग मिळाला. ह्याला कोण आहे? तू राहशील?"

"मी बाहेरची, लिव्होर्नोहून लग्न होऊन आलेली. नातवंडं झाली तरी मला अजून मागच्याच बाकावर बसवतात."

रश्श्यासाठी हाडं घेऊन आलेला फोस्को दारातून म्हणाला, "बरंच झालं. चोर जरा मोकळा श्वास घेईल." तिनं त्याला चमचा फेकून मारला.

शुक्रवारी चोराखालची फरशी रिकामीच होती. फादरांनी प्रार्थना सुरू केली आणि फोस्को आपल्या घोळक्यातून बाहेर पडला. बायको कोट ओढत होती. हा सरळ चोराखाली जाऊन उभा.

"फोस्को, जागा चुकलास!" सुतार कुजबुजला.

"तू तुझा योहान सांभाळ."

तिथून तो तडक ओर्तेन्सियाकडे गेला. मीही मागोमाग. मान चोळत म्हणाला, "किती उंच टांगलाय गं तुझा माणूस! मान मोडली माझी."

तिनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "टोपी काढली होतीस ना?"

"काढली होती."

"मग बस. उद्याचा उपास सरला की परवा ईस्टरला तुझ्या हाडांचा रस्सा करायचाय. तूही ये."