सातांतली एक

होडी वाळूला लागली की बंदरावरची माणसं बांगडा किती, सुरमई आहे का, असं विचारतात. जनूआबा गुडघाभर पाण्यात शिरून वेगळंच विचारायचे, "करवत दिसली काय रे?" "नाय ओ आबा," असं उत्तर आलं की मुकाट्याने घरी जायचे. ते उत्तर ऐकल्याशिवाय सकाळचा चहा त्यांच्या घशाखाली उतरत नसे.

करवत म्हणजे करवत मासा. तोंडापुढे लांब पातं, त्याला दोन्ही बाजूंनी दाते, आणि अंग होडीशी बरोबरी करणारं. आता आमच्या किनाऱ्यावर तो कोणाला दिसत नाही. असा मासा खरोखर होता, हेही हल्लीच्या पोरांना पटत नाही.

मी तोंडवलीच्या शाळेत नवा मास्तर म्हणून आलो, त्याच वर्षी आबांच्या जाळ्यात एक मादी आली होती. तिला वाळूवर ओढायला आठ माणसं लागली. तिची करवत गावच्या रिवाजाप्रमाणे देवळात वाहिली आणि माझं अक्षर चांगलं म्हणून खालची पाटी मला रंगवायला दिली. 'आमच्या गावचे शूर मच्छीमार' असं लिहून त्याखाली मी आबांचं नाव झोकात काढलं. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, शूर हा शब्द मला फार आवडायचा.

पुष्कळ वर्षांनी एके दिवशी आबा माझ्या ओटीवर आले आणि म्हणाले, "गुरुजी, पाटयेवरचां माझां नाव पुसून टाका."

"लोक नाव यावं म्हणून धडपडतात आणि तुमचं उलटंच," मी चेष्टेने म्हणालो. आबा हसले नाहीत.

"ती जिती होती," ते म्हणाले. "करवत जाळ्यात गुतलली. अख्खां जाळां कापलंय आसतंय तर गेली आसती. पण जाळां नवां. पावसाचे चार म्हयने ओटयेर बसान मी आणि बायलेन इणललां. माझो हात झालो नाय, गुरुजी. मगे दांडो घेतलंय."

तिचं पोट फाडलं तर आत सात पिल्लं होती. त्यांच्या इवल्याशा करवतींवर मऊ खोळ असते, आईला आतून लागू नये म्हणून. आबांनी ती बालदीत घातली आणि कोणालाही न सांगता खाडीच्या तोंडाशी सोडून दिली. "हालत होती," ते दोनदा म्हणाले. "सातांतली एक तरी मोठी झाली आसतली."

नाव काही पुसलं गेलं नाही. देवाला वाहिलेल्या वस्तूखालचं नाव काढत नाहीत, असं देवळाच्या पंचांनी सांगितलं आणि मीही जोर धरला नाही. धरायला हवा होता. जत्रेच्या दिवशी पाहुणे पाटी वाचून "हेच का ते?" असं विचारायचे, तेव्हा आबा खांबाआड सरकायचे.

पुढे खाडीत वाळूचा उपसा सुरू झाला. बाहेर समुद्रात ट्रॉलर आले, पाठोपाठ झगझगीत दिव्यांच्या बोटी आल्या. "पिल्लां ऱ्हवतली खंय?" आबा म्हणायचे. त्यातच करवत मासा मारणं गुन्हा ठरलं. चांगलंच झालं, पण तेव्हापासून चुकून कोणाच्या जाळ्यात करवत आलीच तर तो माणूस तोंड उघडणार नाही, हेही पक्कं झालं. आबांना हे सगळं कळत होतं. "गावली तर मेली. नाय गावली तर आसा कशावरून?" असं स्वतःच म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात हजर. मला त्यांचा राग यायचा. एकदा मी म्हणालोही, "आबा, आता पुरे करा."

"मगे सकाळी उठान करू काय?" आबा म्हणाले.

गेल्या वर्षी आबांनी अंथरूण धरलं. त्याच आठवड्यात ट्रॉलरवर जाणारा माझा जुना विद्यार्थी सुनील घरी आला आणि खाली मान घालून बसला. "गुरुजी, दोन वर्सांमागे आमच्या जाळ्यात एक इली. वर येयसर मेलली. केस होयत म्हणान दगड बांधून बुडवली. आबा रोज इचारीत, आणि मी रोज नाय म्हणी." एवढं बोलून तो धाय मोकलून रडला.

मी तसाच उठून आबांकडे गेलो. वाटेत ठरवलं, अर्धं खरं सांगायचं.

"आबा, करवत दिसली. सुनीलच्या बोटीला. जाळं कापून सोडून दिली त्यांनी."

आबांनी माझा हात घट्ट धरला. "जिती?"

"जिती."

किती मोठी होती, ते मी दोन्ही हात पसरून दाखवलं. आबांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी उशीवर उतरलं. इतक्या वर्षांत त्या चेहऱ्यावर असं समाधान मी पाहिलं नव्हतं. मग हळूच त्यांनी विचारलं, "जाळां किती कापूक लागलां?"

जाळ्यातलं मला काय कळतं! "थोडंसंच," मी म्हणालो.

आबांनी माझा हात सोडला आणि भिंतीकडे कूस वळवली.

"थोड्यान ती सुटाची नाय, गुरुजी."

पाचव्या दिवशी आबा गेले. देवळातली पाटी अजून आहे. अक्षर छान आहे, असं जत्रेला आलेले लोक म्हणतात.