फाटकाची दोरी

नेवाडाच्या सरकारी माळरानावर डार्लीन एचेवेरीची नोकरी सव्वीस वर्षांची. सहलीला आलेल्यांच्या चुली विझवायच्या, कातळावरची जुनी चित्रं राखायची आणि रानघोड्यांवर नजर ठेवायची. यंदा झरा आटला, म्हणून तिने कुंपण घालून आत पाण्याची डोण भरली. घोडे आत आले की दोरी ओढून फाटक लावायचं आणि त्यांना पाणी असलेल्या रानात हलवायचं.

तीन वर्षांपूर्वी तिने दोरी घाईने ओढली होती. एक शिंगरू बाहेर राहिलं, बिथरून पळालं आणि पुढे मेलेलंच सापडलं.

आज करडी घोडी आत येऊन पाणी पीत होती. तिचं लंगडं शिंगरू मात्र फाटकाबाहेरच अडलं होतं. डार्लीन दोरी हातात धरून ओठांतल्या ओठांत प्रार्थना करत होती.

"ओढ की बाई!" शेजारी झुडपाआड बसलेला तिचा कामावरचा जोडीदार वेड कुजबुजला. "घोडी काय तुझी प्रार्थना संपेपर्यंत थांबणार आहे?"

"गप रे. पिल्लू बाहेर आहे."

तेवढ्यात घोडीने मान वर केली, वळली आणि सरळ बाहेर निघाली.

"गेली! आता तहानेने मेली की तूच उचल."

देवा, लेकराला आत येऊ दे, असं डार्लीन मनात म्हणत राहिली, पण दोरी काही ओढली नाही.

घोडीने शिंगराला हुंगलं, नाकाने ढोसलं आणि त्याला पुढे घालून परत आत आली. त्याने पाण्याला तोंड लावलं तेव्हा कुठे डार्लीनने दोरी ओढली. फाटक लागलं. दोघंही आत होती.