शालोमकाकांच्या सिनेगॉगमधला अंधार

एका शनिवारी सकाळी मी कोकणातल्या एका जुन्या सिनेगॉगमधले, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरातले, सगळे दिवे विझवले. चांगल्या हेतूनं विझवले, हे आधीच सांगून ठेवतो.

माझे वडील विष्णुपुरीच्या धरणावर नोकरीला होते, तेव्हा आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये शालोमकाका आणि रिबेकाकाकू राहायचे. बेने इस्राएल, म्हणजे आपल्यासारखंच मराठी बोलणारे ज्यू. अख्ख्या वसाहतीत त्यांचं एकच घर. काकूंच्या हातचा नारळाच्या दुधाचा हलवा आठवला की आजही माझं पथ्य मोडतं. निवृत्तीनंतर दोघं त्यांच्या गावी गेले आणि गेल्या वर्षी काकू वारल्या. वर्ष होत आलं तसा काकांचा फोन आला, "तिच्यासाठी मी स्वतः तोरा वाचणार आहे. वहिनींना घेऊन ये, बाळू." तोरा म्हणजे त्यांची पवित्र पोथी.

आईला घेऊन मी नांदेडहून निघालो आणि शुक्रवारी तिथं पोचलो.

सकाळी सगळ्यांच्या आधी मीच सिनेगॉगमध्ये हजर! डोकं झाकायला रुमाल बांधला (गुरुद्वाऱ्याच्या गावचा माणूस, मला कोण शिकवणार?) आणि आत गेलो. आत चिटपाखरू नाही, पण दिवे चालू, पंखे चालू! लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या माणसाला हे बघवत नाही. मी खटाखट सगळी बटणं बंद केली आणि मोठं पुण्य केल्यासारखा बाकावर बसलो.

हळूहळू मंडळी आली. आई बायकांबरोबर वरच्या सज्जात गेली. तोरा उघडायला दहा पुरुष लागतात. मला सोडून मोजून दहाच जमले होते. त्यातले चौघं काकांसाठी आदल्या दिवशीच ठाण्याहून आलेले. शिवाय तोरा पाठ असली तरी बघूनच वाचावी लागते. बाहेर माडांची दाटी, आत अंधार आणि काकांचं वय ऐंशी. त्यांनी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"बाळू, आज अंधार वाटतोय, नाही?"

"हाव काका, एकदम शांत वाटतंय!"

"अक्षरं दिसत नाहीत रे."

मी माझा चष्मा काढून त्यांना दिला.

"उकडतंयही फार," दुसरे एक गृहस्थ म्हणाले. मी त्यांना पेपरानं वारा घालू लागलो. तिसरे कळवळून म्हणाले, "बटणं तिथं दाराजवळ असतात."

"माहितीय! मीच बंद केली. तुम्ही काळजी करू नका!"

मी मोबाईलचा टॉर्च लावून पुढं केला, तसे दोघं दचकून मागं सरकले.

तेवढ्यात सज्जातून आई कडाडली, "आरं ये शहाण्या! मघापासून तेच सांगून राहिलेत तुला. लाव की लाईट!"

"मग सरळ सांगायचं ना!"

"शनवार त्यांचा पाळायचा वार, तव्हा त्यांना बटण दाबता येत न्हाई अन् दुसऱ्याला 'दाब' म्हणताबी येत न्हाई. शुक्रवारीच लावून ठेवतात, ते तू इझवलंस!" मग तिचा आवाज एकदम खाली आला. "धरणावर होतो तव्हा दर शनवारी काकू दारात यायची. 'वहिनी, घरात अंधार झालाय बाई,' एवढंच म्हणायची. मी जाऊन बटण दाबायची. नऊ वर्षं. तिनं एकदाबी 'लाव' म्हटलं न्हाई, अन् मला एकदाबी इचारावं लागलं न्हाई."

ती स्वतःच खाली आली आणि एकेक बटण दाबत गेली. काकांनी आपला चष्मा पुसला. वाचताना त्यांचा आवाज शेवटपर्यंत खणखणीत होता, फक्त काकूंच्या नावापाशी तुटला. मला लाज वाटत होती आणि काकूंची फार आठवण येत होती. वरमलेला मी रुमालानं डोळे टिपायला गेलो, तर डोकं उघडं पडलं. शेजारच्यानं घाईघाईनं त्यावर हात ठेवला!

निरोप घेताना काकांनी आईपुढं हात जोडले. "वहिनी, पुढच्या वर्षीही नक्की या."

"अन् मी, काका?"

काकांनी मायेनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "ये ना बाळा. तू आपला रविवारी येत जा."