हौसेरावांची व्हॅनिटी

राजाबाई निकम आमच्याकडे नऊ वर्षं पोळ्या करायला येत होत्या. त्यांचे यजमान हौसेराव मला त्या नऊ वर्षांत फार तर पाच-सहा वेळा दिसले असतील. ते व्हॅनिटी व्हॅनवर ड्रायव्हर होते. शूटिंगच्या जागी नटनट्यांना कपडे बदलायला, जेवायला, घटकाभर पडायला एक लांबलचक पांढरी गाडी उभी असते, ती. आत तीन खोल्या, पलंग, आरसा, संडास. गाडी नेऊन लावायची, पाण्याच्या टाक्या भरायच्या, जनरेटर बघायचा, चादरी बदलायच्या आणि रोज संध्याकाळी मैल्याची टाकी रिकामी करून धुवायची, हे सगळं एकट्या हौसेरावांकडे. बावीस वर्षं त्यांनी ते केलं.

"आमच्या मालकांच्या गाडीत पलंग हाय, फ्रिज हाय," राजाबाई कणीक मळता मळता सांगायच्या. "आमच्या खोलीत पाय पसरला की भिंत लागती." तक्रार नसायची त्यात. आज भाजी स्वस्त होती, तशा सुरात सांगायच्या.

त्यांची खोली घणसोली गावात होती, आमच्या टॉवरला लागूनच, तिसऱ्या मजल्यावर. मूळ गाव माण तालुक्यात. तिथलं घर वाटणीत भावांकडे गेलेलं. एकुलती मुलगी ज्ञानेश्वरी कऱ्हाडला दिलेली, तिच्याकडे सासू-सासरे, दीर-जाऊ असा भरलेला संसार.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात दोन गोष्टी एका महिन्यात झाल्या. हौसेरावांचे शेठ वारले. मुलाने चारांतल्या तीन नव्या गाड्या विकून टाकल्या. चौथी, हौसेराव चालवायचे ती, कोणी घेईना. तो म्हणाला, भंगारात घाला, नाहीतर तुम्हीच घेऊन जा. आणि इकडे घणसोलीत घरमालकाने सगळ्या भाडेकरूंना सांगितलं की इमारत पाडायची आहे, दसऱ्यापर्यंत खोल्या मोकळ्या करा.

"मग खोली बघितलीत का दुसरी?" मी राजाबाईंना विचारलं.

"न्हाय. ते म्हंत्यात, गाडीतच ऱ्हायचं."

मला वाटलं, चार दिवसांचा विचार असेल. पण पुढच्या रविवारी हौसेराव स्वतः आमच्या दारात आले. उंच, वाळलेला माणूस, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावलेल्या. हातात कॅलेंडरच्या पानाची गुंडाळी. पानामागे त्यांनी पेन्सिलीने गाडी काढली होती, फूटपट्टी लावून.

"ताई, तुमी शिकलेल्या, जरा नजर टाका," ते म्हणाले. "ह्या तिन्ही खोल्यांच्या मधल्या भिंती काढायच्या. हितं हिचा ओटा. हितं पलंग. देव हिकडं, पूर्वेला. म्हंजी गाडी लावताना तोंड बघून लावायची."

"आणि गाडी कुठे लावणार?"

"एका जागी कशाला लावायची? उन्हाळ्यात वाईच्या वर कुठं तरी. पावसाळ्यात गावाकडं. दिवाळीला कऱ्हाडात, लेकीच्या दारात. कुनाच्या घरात शिरायचं न्हाय ताई, नुसतं दारात उभं ऱ्हायचं."

नऊ वर्षांत ते माझ्याशी एवढं एकदाही बोलले नव्हते. मी विचारलं, राजाबाईंना गाडी पसंत आहे का.

"तिनं आतनं बघितलीच न्हाय अजून," ते म्हणाले. "शेठचा कायदाच हुता, घरची मानसं गाडीत चढवायची न्हाईत. एकदा घनसोलीत आनली हुती दुरुस्तीला, तवा तिनं भायेरनं हात लावला हुता."

शिरवण्याला, एमआयडीसीच्या कडेला, इंद्रजित नावाच्या त्यांच्या माण भागातल्याच माणसाचं गाड्यांच्या बॉडीचं गॅरेज होतं. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर त्याने हौसेरावांना गाडी लावू दिली. हौसेराव रोज सकाळी डबा घेऊन जायचे, अंधार पडायच्या आत परत यायचे. आधी मधल्या भिंती काढल्या. प्लायवूड खालून इतकं कुजलेलं होतं की पहार लावायची गरजच पडली नाही, हाताने तुकडे निघाले. जमिनीखालच्या फळ्यांवर बुरशीच्या छत्र्या उगवल्या होत्या. त्यांनी सगळी जमीन उखडली, लोखंडी चॅनेल घासले, लाल प्रायमर मारला, नव्या फळ्या बसवल्या. जुना मोठा पलंग तेवढा ठेवला. ओटा मात्र राजाबाईंच्या उंचीच्या मापाने नवा केला. त्यासाठी घरून निघताना एका दोरीला त्या मापाची गाठ मारून नेली होती.

गणपतीच्या आधीच्या रविवारी राजाबाई मला म्हणाल्या, "ताई, आज माझ्यासंगं चला. ते बघायला बोलावत्यात. तुमी बघून सांगा मला, ह्यात मानूस ऱ्हाईल का."

आम्ही रिक्षाने शिरवण्याला गेलो. हौसेरावांनी गाडीच्या दाराशी स्टूल ठेवलं होतं, कारण पायरी उंच होती. राजाबाई चढल्या आणि दारातच थांबल्या. चप्पल बाहेर काढायची की आत, हे त्यांना कळेना.

आत अंधार होता. नटांना कोणी बघू नये म्हणून व्हॅनिटीच्या काचा लहान आणि काळ्या असतात. एसी शेठच्या मुलाने आधीच काढून नेले होते, त्यांच्या जागी चौकोनी भोकं, त्यांवर प्लास्टिक ताणलेलं. उकाडा असा की बोलायला तोंड उघडवेना. हौसेरावांनी गॅरेजातून वायर ओढून आणली होती. त्यांनी बटण दाबलं आणि भिंतीवरच्या मोठ्या आरशाभोवतीचे बल्ब एकदम पेटले.

"बस," ते बायकोला म्हणाले. "हितं कोन कोन बसून गेलंय, म्हाईत हाय का?"

राजाबाई आरशासमोरच्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. समोर त्यांचा चेहरा आला, रेष न् रेष दिसणारा, कपाळावरचं गोंदण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कानाच्या तुटलेल्या पाळीला घातलेला टाका. त्या थोडा वेळ बघत राहिल्या.

"बंद करा ते," त्या म्हणाल्या. "एवढं दिसायची गरज न्हाय."

हौसेरावांनी बटण बंद केलं. मग ओटा दाखवला. राजाबाईंनी त्यावर हात टेकून पाहिला, उंची बरोबर होती. संडासाचं दार ओट्यापासून दोन पावलांवर होतं. त्या दाराकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि नजर वळवली.

बाहेर आल्यावर त्या माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. हौसेरावही बघत होते, हातात फडकं, कपाळावर प्रायमरचा लाल ठिपका. मला जे वाटत होतं ते मी बोलले नाही. "छान होईल," मी म्हणाले. "खिडक्या तेवढ्या मोठ्या करून घ्या."

खिडक्या मोठ्या करतानाच सगळं नडलं. इंद्रजितच्या माणसाने पत्रा कापला, तेव्हा आतले खांब दिसले. त्यांची गंजून चाळण झाली होती. नवी पट्टी जोडायला वेल्डिंग करावं तर खालचं लोखंड धरतच नव्हतं, तिथेच भोक पडायचं. इंद्रजितने मग सगळी गाडी खालून तपासली. चासीला, म्हणजे खालच्या मूळ सांगाड्यालाच, दोन ठिकाणी तडे होते.

"आण्णा, खोटं बोलून काम करणार नाही मी," तो म्हणाला. हे मला राजाबाईंनी दुसऱ्या दिवशी पोळ्या करताना सांगितलं. "ही गाडी उभी राहील. चालणार नाही. पासिंग तर सोडाच, सायनच्या हमरस्त्याला लागलात तर पहिला पूल यायच्या आत मोडेल."

"मग ते काय म्हणाले?"

"दोन दिस घरीच बसलं. तिसऱ्या दिशी परत डबा घिऊन गेलं."

वाई, गाव, कऱ्हाड हे शब्द त्यानंतर त्यांच्या घरात निघाले नाहीत. हौसेरावांनी कापलेल्या जागी लाकडी चौकटी बसवल्या, बाहेरून पांढरा रंग मारला, पडदे शिवून घेतले. पडद्यांचं कापड राजाबाईंनी आणलं, निळ्या फुलांचं. मी एकदा विचारलं, एखादी खोली भाड्याने बघू का. राजाबाई म्हणाल्या, "आता नगा ताई. तीन म्हैनं त्यांनी हात मोडून घेतल्यात. मी न्हाय म्हनलं तर ते खालीच बसतील."

दसऱ्याआधी शिरवण्याचा प्लॉट रिकामा करावा लागला, तिथे बांधकाम सुरू होणार होतं. खाडीकाठी, द्रोणागिरीला एका कंटेनर यार्डात हौसेरावांच्या ओळखीचा सुपरवायझर होता. मागच्या कुंपणाजवळ गाडी लावा, त्या बदल्यात रात्री मागची बाजू बघा, असं ठरलं. गाडी चालणार नव्हतीच. क्रेनने पुढची चाकं उचलून ती ओढत नेली. हौसेराव स्टिअरिंगवर बसले होते. बसायची काही गरज नव्हती, पण बसले.

घणसोलीची खोली सोडून दोघं तिकडे राहायला गेले. राजाबाईंनी सुरुवातीचे आठ दिवस आमच्याकडे यायचा प्रयत्न केला. यार्डापासून हमरस्त्यापर्यंत चालत, मग बस, मग दुसरी बस. नवव्या दिवशी त्या म्हणाल्या, आता जमत न्हाय ताई. जाताना त्यांनी माझा पोळपाट घासूनपुसून उभा करून ठेवला.

तेव्हा मी म्हणाले, "राजाबाई, त्या दिवशी मी खरं सांगायला हवं होतं."

"तुमी न्हाय म्हनला असता तरी ते थांबलं नसतं," त्या म्हणाल्या. "आन मी ऐकलं असतं, तर ते एकटंच गेलं असतं तिथं."

पुढचं मला फोनवर तुकड्यातुकड्यांनी कळलं. ऑक्टोबरात पत्रा इतका तापायचा की दहानंतर आत बसवत नसे, आणि बाहेर बसावं तर ट्रेलरची धूळ. पाणी टँकरचं, दोन पिंप. खाडीची खारी हवा. थोड्याच दिवसांत नव्या रंगाखालून गंज फुगून वर आला. राजाबाई त्या संडासात शेवटपर्यंत गेल्या नाहीत. यार्डातल्या ड्रायव्हर लोकांचा संडास लांब होता, त्या पहाटे तिथे जायच्या आणि दिवसभर पाणी कमी प्यायच्या. दिवाळीच्या आधी त्या ओट्यापाशीच भोवळ येऊन पडल्या. डॉक्टर म्हणाले मूत्रपिंडाला सूज आहे. ज्ञानेश्वरी येऊन त्यांना कऱ्हाडला घेऊन गेली. पंधरा दिवसांसाठी म्हणून नेलं होतं.

डिसेंबरात राजाबाईंच्या नावाचं बँकेचं पाकीट माझ्या पत्त्यावर आलं, खोली सोडताना त्यांनी तोच दिला होता. ते द्यायचं निमित्त करून मी द्रोणागिरीला गेले. एकावर एक चढवलेल्या कंटेनरांच्या मागे ती गाडी उभी होती. चारही टायर बसलेले. हौसेराव बाहेर दगडांवर चहाचं भांडं ठेवून बसले होते. मला बघून उठले, बाहीची बटणं लावली.

"या ताई. घर बघा."

आत सगळं जिथल्या तिथे होतं. पलंगावर धुतलेली चादर, चार कोपरे ताणून बसवलेली. ओट्यावर डबे ओळीने, एकही वापरातला दिसला नाही. राजाबाईंच्या साड्यांसाठी दोन खुंट्या, रिकाम्या. देवापुढे मात्र निरांजन होतं. मी पलंगावर बसणार तर त्यांनी घाईने बाहेरची खुर्ची आत आणून दिली.

"तुम्ही जेवता कुठे?" मी विचारलं.

"त्या गेटवर मेस हाय."

"आणि झोपता?"

त्यांनी ड्रायव्हरच्या केबिनकडे हात केला. सीटच्या मागच्या फळीवर एक गोधडी गुंडाळून ठेवली होती. "आत झोप लागत न्हाय," ते म्हणाले. "ती आली की झोपीन. नीट ठेवलंय सगळं."

"डॉक्टर काय म्हणतात? कधी येणार आहेत त्या?"

"येईल की." त्यांनी चादरीचा ताणलेला कोपरा पुन्हा ताणला. "बावीस वरसं मला एकच ठावं हुतं, ताई. पुढचा मानूस यायच्या आत खोली तयार पायजे. ते केलं मी. मानूस आत ऱ्हातं कसं, ते काय शिकलोच न्हाय."

पाकीट देऊन मी निघाले. गेटपर्यंत ते सोडायला आले आणि म्हणाले, तुमच्या सोसायटीत वॉचमनची जागा निघाली तर बघा, खोली असली तर बरं. मी सेक्रेटरींना विचारलं. पन्नाशीच्या पुढचा माणूस नको, असं ते म्हणाले.

मार्चमध्ये यार्डाला मागची जागा हवी झाली. गाडी पुन्हा ओढून न्यायला ती शाबूत नव्हती, म्हणून भंगारवाल्याने गॅस कटर आणून जागच्या जागीच कापली. पलंग आणि डबे सुपरवायझरने ठेवून घेतले. हौसेराव आता त्याच भागात एका गोदामावर रात्रपाळीला असतात. पंप रूममध्ये खाट टाकायला जागा दिली आहे, एकाच खाटेची. राजाबाई कऱ्हाडलाच आहेत. लेकीच्या सासऱ्यांना आवडत नाही, पण अजून कोणी तोंडाने काही बोललेलं नाही.

गेल्या महिन्यात राजाबाईंचा फोन आला होता. तब्येत बरी आहे म्हणाल्या, आवाज बरा नव्हता. मग म्हणाल्या, "ताई, घनसोलीत तळमजल्याला एखादी खोली बघता का? लहान असली तरी चालंल."

मी बघते म्हणाले. गावात दोन ठिकाणी विचारलं. म्हातारं जोडपं, त्यात एक आजारी, मागे मुलगा नाही, हे ऐकल्यावर दोघांनीही खोली गेली म्हणून सांगितलं. तिसऱ्या ठिकाणी मी अजून गेलेले नाही.